एका फुटलेल्या धूमकेतूची वंशावळ

इसवी सन १८८२ च्या सप्टेंबर महिन्याची १७ तारीख, वार रविवार. आफ्रिका खंडाच्या दक्षिण टोकाशी केप ऑफ गुड होप येथे इंग्रज सरकारने चालविलेल्या वेधशाळेत फिन्ले आणि एल्किन हे दोघे ज्योतिषी दोन निरनिराळ्या दुर्बिणींपाशी उभे राहून भर दिवसा एका धूमकेतूचा पाठलाग करीत होते. सुमारे दहा दिवसांपूर्वी फिन्लेला पहाटेच्या अंधुक प्रकाशात प्रथम दिसलेला हा धूमकेतू आता सूर्याच्या इतका लगत आला होता, आणि जवळ येता येता इतका तेजःपुंज झाला होता, की गडद काचेतून सूर्यबिंब आणि धूमकेतू ही दोन्ही एकाच वेळी दृष्टीस पडत होती. दुपार कलल्यावर तो सूर्यबिंबाच्या कडेला जाऊन भिडला, तापलेल्या हवेमुळे थरथरणाऱ्या त्या कडेत क्षणमात्र लुकलुकला आणि दिसेनासा झाला. बिंबावरून जाताना त्याचा काळा ठिपका उमटेल या आशेने दोघांनीही डोळ्यांत तेल घालून पाहिले, पण बिंब स्वच्छच राहिले. धूमकेतू सूर्याच्या पाठीमागे गेला असावा अशी पाहणाऱ्याची प्रथमदर्शनी समजूत व्हावी, असाच तो प्रकार होता. परंतु पुढे कक्षेचे गणित हाती आले तेव्हा निर्विवाद ठरले, की त्या घटकेस तो सूर्याच्या अलीकडे, आपल्या आणि सूर्याच्या मध्ये होता. ज्याच्या तेजाने दिवसाढवळ्या लोकांचे डोळे दिपले, त्याचा घन गाभा मात्र इतका लहान होता की सूर्याच्या मुखावर त्याचा डागसुद्धा पडला नाही.

सूर्याला चाटून जाणाऱ्या धूमकेतूंच्या अभ्यासाचा इतिहास लिहू जाता लेखणीचा ओढा साहजिकच अशा दिव्य देखाव्यांकडे आणि ते प्रथम पाहणाऱ्या भाग्यवंतांच्या नावांकडे जातो. तो ओढा गैर नाही. तथापि या इतिहासाचे मर्म देखाव्यात नसून त्यामागून वर्षानुवर्षे चाललेल्या आकडेमोडीत आहे, आणि माझ्या मते या कथेतील सर्वांत मोठे श्रेय ज्याने आकाशात एकही नामांकित धूमकेतू शोधला नाही अशा एका जर्मन गणितज्ञाकडे जाते. धूमकेतूचे रूप दर रात्री पालटते. आज ज्याची शेपटी अर्धे आकाश व्यापते त्याचे उद्या नावही उरत नाही. म्हणून त्याची ओळख पटवावयाची तर ती तो ज्या वाटेने आला आणि गेला त्या वाटेवरूनच पटवावी लागते. ही वाट तपासता तपासता, शतकाशतकांच्या अंतराने आलेले आणि एकमेकांशी काहीही संबंध नसल्यासारखे भासणारे पाहुणे वस्तुतः एकाच फुटलेल्या पिंडाचे तुकडे आहेत, हे कसे उमगत गेले, त्याची ही हकीकत आहे.

तिचा आरंभ दोनशे वर्षे मागे, १६८० साली करावा लागतो. मराठी माणसाला हे साल शिवछत्रपतींच्या निर्वाणाचे म्हणून ठाऊक असते. त्या वर्षीच्या चैत्रात रायगडावर महाराजांचे देहावसान झाले, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात कोबुर्ग येथे गॉटफ्रीड किर्ख याला दुर्बिणीतून एक धूमकेतू दिसला. डोळ्यांच्या आधी दुर्बिणीला सापडलेला हा पहिला धूमकेतू होय. नोव्हेंबरात पहाटे दिसणारा हा तारा सूर्याच्या तेजात बुडाला, आणि डिसेंबरात सायंकाळच्या आकाशात प्रचंड शेपटी घेऊन दुसरा एक प्रकटला. हे दोन धूमकेतू की एकच? ग्रिनिचचा राजज्योतिषी फ्लॅमस्टीड एकच म्हणत होता, न्यूटन दोन म्हणत होता, आणि तिकडे सॅक्सनीतील डर्फेल नावाच्या धर्मोपदेशकाने १६८१ सालीच असे लिहून ठेवले होते की हा एकच धूमकेतू असून त्याची वाट अन्वस्ताकार आणि सूर्य त्या अन्वस्ताच्या नाभीत आहे. काही वर्षांनी न्यूटनाने आपले मत बदलले, आणि १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात याच धूमकेतूची कक्षा मांडून गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत धूमकेतूंनाही लागू आहे हे जगाला दाखवून दिले. एवढ्या मोठ्या माणसाने स्वतःच्या मताची पुनश्च रुजुवात घेऊन ते टाकून द्यावे, ही गोष्ट मला त्या ग्रंथातील गणिताइतकीच मोलाची वाटते.

हा धूमकेतू सूर्याच्या पृष्ठापासून अवघ्या २ लाख ३५ हजार किलोमीटरांवरून, म्हणजे आपल्यापासून चंद्र जितका दूर आहे त्याहूनही कमी अंतरावरून, वळसा घालून गेला होता. तेथे त्याला लाल तापलेल्या लोखंडाच्या दोन हजार पट उष्णता सोसावी लागली असली पाहिजे, असा न्यूटनाचा अदमास होता. इतके सोसूनही जो टिकला तो नुसता वाफेचा लोळ असणे शक्य नाही, त्याचे अंग घन असले पाहिजे, असा निष्कर्ष त्याने त्यावरून काढला. त्याचा मित्र हॅले याने जुनी दप्तरे चाळून या धूमकेतूचा फेरा ५७५ वर्षांचा ठरविला आणि इसवी सन पूर्व ४४, इसवी सन ५३१, ११०६ आणि १६८० ही त्याच्या आगमनाची साले म्हणून सांगितली. ही गणना पुढे टिकली नाही, पण यातील ११०६ हे साल वाचकाने ध्यानात ठेवावे. उतारवयात न्यूटनाने आपला आप्त कॉन्ड्युइट याच्यापाशी असेही बोलून दाखविले होते, की हा धूमकेतू आणखी पाचसहा फेऱ्यांनंतर सूर्यात पडेल आणि त्या इंधनाने सूर्य इतका भडकेल की पृथ्वीवरील जीवसृष्टी जळून जाईल. धूमकेतू सूर्यावर कोसळण्याची धास्ती अशी प्रत्यक्ष न्यूटनाच्या मुखातून निघालेली आहे.

त्यानंतरचा मोठा पाहुणा १८४३ सालचा. त्या वर्षी फेब्रुवारीच्या २७ तारखेस तो सूर्यपृष्ठापासून सुमारे १ लाख ३० हजार किलोमीटरांवरून गेला. त्या क्षणी त्याचा वेग सेकंदाला ५७० किलोमीटरांच्या घरात होता, आणि सूर्याच्या अर्ध्या परिघाभोवतीचा वळसा त्याने दोन तासांहून थोड्याच अधिक वेळात पुरा केला. दुसऱ्या दिवशी इटलीपासून मेक्सिकोपर्यंत लोकांनी तो भर दुपारी सूर्याशेजारी नुसत्या डोळ्यांनी पाहिला. मार्चमध्ये त्याची शेपटी पसरली ती पृथ्वी आणि सूर्य यांच्यातील अंतराच्या दुपटीएवढी, म्हणजे सुमारे ३० कोटी किलोमीटर लांब. अमेरिकेत विल्यम मिलर याच्या अनुयायांनी याच सुमारास जगबुडीची मुदत ठरवून ठेवली होती, त्यांना हे भाकिताचे प्रत्यक्ष प्रमाण वाटले. त्याच अमेरिकेत बोस्टन परिसरातील नागरिकांनी मात्र या धूमकेतूच्या कुतूहलापोटी वर्गणी गोळा करून हार्वर्डच्या वेधशाळेला १५ इंच व्यासाच्या भिंगाची दुर्बीण मिळवून दिली, जी १८४७ साली उभी राहिली.

पुढे १८८० च्या फेब्रुवारीत दक्षिण गोलार्धात क्षितिजावरून एक लांबलचक शेपटी वर आली. अर्जेंटिनातील कोर्दोबा येथे गूल्ड आणि केप येथे डेव्हिड गिल यांनी तिचे वेध घेतले, आणि गणित झाले तेव्हा सर्वत्र आश्चर्य पसरले, कारण कक्षा हुबेहूब १८४३ च्या धूमकेतूची निघाली. मग तोच धूमकेतू ३७ वर्षांनी परतला म्हणावे काय? तसे म्हणावे तर १८४३ चे वेध आड येत होते. त्यांवरून फेरा ३७ वर्षांहून कितीतरी मोठा दिसत होता. या अडचणीतून वाट काढण्यास एक तयार उपपत्ती हाताशी होती. सूर्याभोवतीचे अवकाश रिकामे नसून तेथे काही विरल द्रव्य आहे आणि त्याच्या विरोधामुळे धूमकेतूंचा फेरा दरवेळी आखूड होतो, असे प्रतिपादन एंके या जर्मन ज्योतिष्याने आपल्या नावाच्या धूमकेतूसंबंधी अर्धशतकापूर्वीच केले होते. सूर्याच्या किरीटातून, म्हणजे त्याच्या बाह्य विरल वातावरणातून, जाणाऱ्या धूमकेतूला असा विरोध विशेषच होणार, म्हणून त्याचा पुढचा फेरा आणखी आखूड, त्यापुढचा त्याहून आखूड, आणि अखेर सूर्यात पतन, असा हा हिशेब होता. दोन वर्षे सात महिने लोटतात तोच १८८२ चा धूमकेतू जवळजवळ त्याच वाटेने येऊन ठेपला, तेव्हा हा हिशेब वृत्तपत्रांतून दूरवर पोहोचला आणि न्यूटनाची जुनी धास्ती नव्याने जागी झाली.

याच्या नेमकी उलट कल्पना अमेरिकेतील इंडियाना प्रांताच्या डॅनियल कर्कवुड या अध्यापकाने १८८० सालीच मांडली होती. परतून आलेला एकच धूमकेतू असे न समजता, एका मूळ पिंडाचे पूर्वी केव्हातरी तुकडे झाले आणि ते मागेपुढे होत एकाच वाटेने येत आहेत असे समजावे, हे त्याचे म्हणणे. धूमकेतू फुटतो ही गोष्ट तोवर सिद्धही झाली होती: बीलाचा धूमकेतू १८४६ साली सर्वांच्या देखत दुभंगला होता. कर्कवुडने त्याहून पुष्कळ जुनी साक्ष काढली. इसवी सनापूर्वी ३७२ च्या आगेमागे ग्रीसमध्ये एक महान धूमकेतू दिसला होता. अकाया प्रांतातील भूकंप आणि सागराची प्रचंड लाट यांच्या काळचा म्हणून ॲरिस्टॉटलने त्याचा उल्लेख केला आहे. त्याच धूमकेतूचे दोन तारे झाले, असे एफोरस या इतिहासकाराने लिहिल्याचे रोमन तत्त्ववेत्ता सेनेका सांगतो, परंतु सांगतो ते एफोरसाला खोटारडा ठरविण्यासाठी. असली गोष्ट दुसऱ्या कोणी पाहिलेली नाही, तेव्हा ती झालीच नसावी, हा सेनेकाचा युक्तिवाद. एकट्या साक्षीदाराच्या जबानीला असा नकार देणे कायद्याला धरून असेल. पण कर्कवुडने अठराशेहून अधिक वर्षांनी ती जबानी पुन्हा रुजू करून घेतली, हे मला अत्यंत न्याय्य वाटते.

आता १८८२ च्या धूमकेतूकडे पुन्हा वळू. सूर्यबिंबावर दिसेनासा झालेला तो दुसऱ्या दिवशी सूर्याच्या लगत पुन्हा दिसू लागला, आणि हाताने सूर्य झाकला की शेजारी धूमकेतू दिसे, असे ठिकठिकाणच्या लोकांनी लिहून ठेवले आहे. १८ सप्टेंबरला फ्रान्समधील नीस येथे तोलों याने आणि स्कॉटलंडमधील डन एख्ट येथे कोपलंड व लोझे यांनी दिवसाच त्याचा वर्णपट तपासला. त्यात सोडियमच्या दोन रेषा झळाळत होत्या, आणि डन एख्टच्या वेधकर्त्यांना त्यांच्यासोबत लोहाच्याही रेषा आढळल्या. लोखंडासारख्या धातूची वाफ व्हावी इतका हा पिंड तापला होता, हे आता अनुमान राहिले नव्हते. न्यूटनाने धूमकेतूच्या प्रचंड उष्णतेबद्दल जे तर्काने सांगितले त्याची खातरजमा वर्णपटाने केली.

भाद्रपद आणि आश्विन या दोन महिन्यांत आपल्या देशातही हा धूमकेतू पहाटे पूर्वेला उगवत होता, आणि ज्याला शेंडेनक्षत्र म्हणून पिढ्यानपिढ्या लोकांनी भिऊन हात जोडले, तेच हे रूप होते. पण दुर्बिणीतून पाहणाऱ्यांना त्याच वेळी निराळेच काही दिसत होते. सप्टेंबरच्या अखेरीस गाभा लांबट झाला, मग त्यात दोन बिंदू वेगळे दिसू लागले, मग तीन, चार, पाच, आणि धाग्यात ओवलेल्या मोत्यांप्रमाणे ते एका ओळीत पसरत गेले. ऑक्टोबरात अथेन्स येथे श्मिट, अमेरिकेत बार्नार्ड आणि ब्रुक्स यांना मुख्य धूमकेतूपासून काही अंश दूर, त्याच दिशेने चाललेले धूसर पुंजके दिसले. कर्कवुडने कागदावर मांडलेली फाटाफूट आकाशात सर्वांच्या डोळ्यांदेखत चालली होती, आणि तीही त्याच वाटेवर.

याच धूमकेतूने केपच्या वेधशाळेला आणखी एक देणे दिले, ज्याचा या वंशावळीशी संबंध नसला तरी ते सांगितल्यावाचून पुढे जाणे कृतघ्नपणाचे होईल. वेधशाळेजवळच्या मोब्रे गावी ॲलिस नावाचे एक छायाचित्रकार होते. गिलने त्यांचा अडीच इंची भिंगाचा साधा कॅमेरा आपल्या दुर्बिणीवर बांधला आणि दुर्बिणीने धूमकेतूचा मागोवा घेत अर्ध्या तासापासून दोन तासांहून अधिक काळपर्यंत एकेक काच उघडी ठेवली. धूमकेतूचे उत्तम छायाचित्र निघाले ते निघालेच, पण त्याच्या शेपटीतून आणि सभोवार इतके तारे उमटले की गिल चकित झाला. ताऱ्यांची यादी डोळ्यांनी करण्याऐवजी छायाचित्रांवरून करता येईल, ही गोष्ट त्याला तेथे दिसली. पुढे हॉलंडमधील काप्टाइनने गिलच्या काचा मोजून दक्षिण आकाशातील ४,५४,८७५ ताऱ्यांची सूची सिद्ध केली, आणि सर्व आकाशाचा छायाचित्रांवरून नकाशा काढण्याचा संकल्प १८८७ साली पॅरिस येथील परिषदेत सोडला गेला, त्याचेही एक मूळ याच काचांत आहे.

परंतु हा धूमकेतू कोण, या प्रश्नाचा निकाल लागला तो उत्तर जर्मनीतील किएल येथे. हाइनरिख क्रॉइट्स याचा जन्म १८५४ सालचा, शिक्षण बॉनचे. ‘आस्ट्रोनोमिशे नाखरिख्टेन’ या ज्योतिषविषयक नियतकालिकाचे संपादन त्याने १८९६ पासून १९०७ साली मृत्यू येईपर्यंत केले, आणि या व्यापातही सूर्याला चाटून जाणाऱ्या धूमकेतूंच्या कक्षांचा ध्यास त्याने सोडला नाही. त्याचा प्रबंध १८८८, १८९१ आणि १९०१ अशा तीन हप्त्यांत प्रसिद्ध झाला. जगभरच्या वेधशाळांतून आलेल्या शेकडो नोंदी एकत्र करणे, प्रत्येक नोंदीतील संदर्भताऱ्याचे स्थान नव्याने तपासणे, कोणता वेध धूमकेतूच्या कोणत्या तुकड्याचा आहे हे ओळखणे, ग्रहांच्या ओढीमुळे पडणारा फरक वजा करणे, आणि हे सर्व हाताने, लॉगॅरिदमची कोष्टके समोर ठेवून! आजच्या गणकयंत्रांच्या काळात या श्रमाची नुसती कल्पना करणेही कठीण आहे.

क्रॉइट्सच्या हाती एक दुर्मीळ साधन होते. सूर्याजवळ येणारे धूमकेतू बहुधा सूर्यप्रदक्षिणा उरकल्यावरच लोकांच्या नजरेस पडत. परंतु १८८२ च्या धूमकेतूचे प्रदक्षिणेपूर्वीचे वेधही फिन्लेने केपहून घेऊन ठेवलेले होते. क्रॉइट्सने पूर्वीच्या वेधांवरून एक कक्षा काढली आणि नंतरच्या वेधांवरून दुसरी. किरीटातील द्रव्याने धूमकेतूला काही विरोध केला असेल तर या दोहोंत तफावत पडली पाहिजे. ती पडली नाही. सूर्याच्या इतक्या निकट, सेकंदाला सुमारे ४८० किलोमीटर वेगाने किरीटातून जाऊनही धूमकेतूची चाल मोजण्याइतकी मंदावली नव्हती. म्हणजे फेरा आखूड होत जाण्याची उपपत्ती गेली, तोच धूमकेतू ३७ वर्षांनी आणि मग अडीच वर्षांनी परतल्याची कल्पना गेली, आणि सूर्यात पतन होऊन जगाचा अंत होण्याचा धाकही तिच्याबरोबर गेला. १८८२ च्या गाभ्याच्या चार प्रमुख तुकड्यांचे फेरे त्याने वेगवेगळे काढले. ते पावणेसातशे वर्षांपासून साडेनऊशे वर्षांपर्यंतचे निघाले. याचा अर्थ असा, की एका दिवशी एकत्र आलेला हा धूमकेतू पुढच्या खेपेस चार वेगवेगळ्या शतकांत चार धूमकेतू होऊन येणार आहे. आणि जे पुढे होणार तेच मागे झालेले असले पाहिजे: १८४३, १८८०, १८८२ आणि कोर्दोबाहून दिसलेला १८८७ चा बिनडोक्याचा धूमकेतू हे असेच कोण्या एका पूर्वजाचे वारस. १६८० चा न्यूटनाचा धूमकेतू मात्र सूर्याच्या तितकाच जवळून गेला असूनही या कुळातला नाही, त्याची वाट वेगळी आहे, हेही क्रॉइट्सने निःसंदिग्धपणे सांगितले. या कुळाला आज त्याचेच नाव आहे.

या कुळातील धूमकेतू खाली दक्षिणेकडून, आपल्या व्याधाच्या ताऱ्याजवळच्या दिशेने सूर्याकडे येतात आणि वळसा घालून जवळपास त्याच दिशेला परत जातात. म्हणून त्यांच्या इतिहासात केप, कोर्दोबा आणि ऑस्ट्रेलिया ही नावे वारंवार येतात, आणि युरोपातील मोठमोठ्या वेधशाळांच्या वाट्याला बहुधा क्षितिजावरची शेपटीच येते.

विसाव्या शतकाचा पूर्वार्ध या बाबतीत जवळजवळ कोरडा गेला. मग १९६५ च्या सप्टेंबरात, एक तुफान ओसरल्यानंतरच्या स्वच्छ पहाटे, जपानमध्ये पियानोच्या कारखान्यात काम करणारा तरुण काओरू इकेया आणि कोची येथील गिटारशिक्षक त्सुतोमु सेकी या दोघांना काही मिनिटांच्या अंतराने, एकमेकांच्या नकळत, एकच धूमकेतू सापडला. ऑक्टोबरच्या २१ तारखेस तो सूर्यपृष्ठापासून सुमारे साडेचार लाख किलोमीटरांवरून गेला, त्याचेही तुकडे झाले, आणि त्याच्या वर्णपटात लोहाबरोबर निकेल, तांबे, कॅल्शियम अशा धातूंच्या रेषा मिळाल्या. त्या निमित्ताने हार्वर्डजवळ काम करणाऱ्या ब्रायन मार्सडेन या इंग्रज ज्योतिष्याने क्रॉइट्सचे हिशेब गणकयंत्रावर नव्याने मांडले आणि १९६७ साली दाखवून दिले, की या कुळाच्या दोन प्रमुख शाखा आहेत, आणि १८८२ चा व १९६५ चा हे दोघे सख्खे भाऊ असून बाराव्या शतकाच्या आरंभी सूर्याजवळ त्यांचा बाप फुटला तेव्हा वेगळे झाले. त्या वेळी युरोपच्या, तसेच चीन, जपान व कोरियाच्या बखरकारांनी नोंदलेला महान धूमकेतू आहे तो ११०६ सालचा. हॅलेने जो चुकून १६८० च्या धूमकेतूच्या नावावर चढविला होता, तो अशा रीतीने सुमारे अडीचशे वर्षांनी आपल्या खऱ्या वंशजांकडे आला.

मोठे तुकडे असे शतकातून दोनचारदा येतात, तर त्यांच्यामागून लहान तुकडे येत असलेच पाहिजेत. त्यांची चाहूल १८८२ च्याच मे महिन्यात, इजिप्तमधील खग्रास सूर्यग्रहणात लागली होती. ग्रहणाच्या छायाचित्रात सूर्याशेजारी एक अनोळखी धूमकेतू उमटला, आणि इजिप्तचा तेव्हाचा राज्यकर्ता खेदिव तौफिक याच्या नावाने तो ओळखला गेला. ग्रहणाची ती काही पळे टळली की पुन्हा काही दिसणे नाही. सूर्यबिंब झाकून किरीट पाहण्याचे यंत्र फ्रान्सच्या लियो याने १९३० साली बनविले, आणि तेच यंत्र उपग्रहावर चढवून अंतराळात नेल्यावर हे दार कायमचे उघडले. १९७९ च्या ऑगस्टअखेर अमेरिकेच्या एका लष्करी उपग्रहावरील अशा यंत्राने सूर्याकडे झेपावणारा धूमकेतू टिपला. तो बाहेर पडलाच नाही. विशेष म्हणजे हे चित्र दप्तरात पडून राहिले आणि हॉवर्ड, कूमेन व मिशेल्स यांच्या ध्यानात आले ते १९८१ साली. ज्या उपग्रहाने ही अमूल्य चित्रे दिली तो कार्यक्षम असतानाच १९८५ च्या सप्टेंबरात, उपग्रहविरोधी अस्त्राच्या चाचणीसाठी अमेरिकन लष्कराने स्वतःच्याच क्षेपणास्त्राने फोडून टाकला. वेध घेणारा डोळा असा जाणूनबुजून फोडावा, याचे दुःख आजही वाटल्यावाचून राहत नाही.

१९९५ च्या डिसेंबरात निघालेल्या सोहो या युरोप-अमेरिकेच्या संयुक्त यानाने ती उणीव शतपटीने भरून काढली. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरांवर, ज्या स्थानाभोवती आता भारताचे आदित्य-एल१ यानही फिरत आहे, तेथून सोहो वर्षानुवर्षे सूर्याकडे पाहत आले आहे. त्याची चित्रे सर्वांना खुली असल्याने देशोदेशीचे हौशी लोक ती रोज न्याहाळतात, आणि पुष्कळसे शोध या बिनपगारी लोकांच्या नावावर आहेत. मार्च २०२४ मध्ये सोहोच्या चित्रांतील धूमकेतूंची संख्या ५,००० वर गेली. त्यांतील बहुसंख्य क्रॉइट्सच्या कुळातले आहेत: काही मीटरांपासून काही दशक मीटरांपर्यंतचे तुकडे, जे सूर्याजवळ येतात आणि तेथेच संपतात. सेकानिना आणि चोडस या संशोधकांनी गणिताने असेही दाखविले, की तुकडे पडण्याची क्रिया सूर्याजवळच थांबत नाही. सूर्यापासून दूर, परतीच्या थंड प्रवासातही तुकड्यांचे तुकडे पडत राहतात, म्हणून हा प्रवाह इतका दाट आहे. मूळ पूर्वज कोण, एफोरसाने सांगितलेला की त्यानंतरचा दुसरा कोणी, याविषयी जाणत्यांत अद्याप मतभेद आहेत.

या अभ्यासाला अलीकडे एक नवी दिशा मिळाली आहे. नोव्हेंबर २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातील हौशी वेधकर्ता टेरी लव्हजॉय याला या कुळातील एक धूमकेतू जमिनीवरील दुर्बिणीने सापडला. डिसेंबरच्या १६ तारखेस तो सूर्यपृष्ठापासून अवघ्या १ लाख ४० हजार किलोमीटरांवरून जाणार होता, आणि तो जळून जाईल असाच बहुतेकांचा अंदाज होता. पण तो किरीटातून पार होऊन बाहेर आला, आणि नंतर काही दिवसांतच त्याचे शीर्ष विरून जाऊन शेपटी तेवढी दक्षिणेच्या आकाशात उरली. सूर्याजवळून जात असताना त्याचे चित्रण अनेक यानांनी केले. त्याच्या अंगातून सुटलेली वाफ तापून विद्युत्भारित झाली आणि सूर्याच्या चुंबकीय रेषांना धरून इकडेतिकडे लहरत गेली. त्या लहरींवरून किरीटाच्या अंतर्भागातील चुंबकीय क्षेत्राची रचना आणि तेथील द्रव्याची घनता काढण्याचे काम शास्त्रज्ञांनी केले. मनुष्याने धाडलेले पार्कर यान डिसेंबर २०२४ मध्ये सूर्याच्या सर्वांत जवळ गेले, तेही सूर्यपृष्ठापासून सुमारे ६१ लाख किलोमीटरांवरच. त्याच्या आतल्या प्रदेशात प्रत्यक्ष जाऊन येणारे साधन आजमितीस या फुटलेल्या धूमकेतूच्या तुकड्यांवाचून दुसरे नाही, आणि म्हणून पुढचा मोठा तुकडा सूर्याशी पोहोचण्याच्या पुष्कळ आधी, व्याधाच्या दिशेने येताना हाती लागावा, यासाठी दक्षिण गोलार्धातील दुर्बिणी आज त्या बाजूचे आकाश पुन्हा पुन्हा धुंडाळीत आहेत.